हॅनाचा आल्कलिनिटी चेकर: अवघड कोरल पाळणाऱ्यांनी दिव्याआधी हे घ्यावं

तळहातात मावणारं, एकच बटण असलेलं हे यंत्र आहे. टँकच्या खाऱ्या पाण्यातली आल्कलिनिटी मोजणारा हॅना इन्स्ट्रुमेंट्सचा मरीन आल्कलिनिटी चेकर, मॉडेल एचआय ७७२. मी घेतलं तेव्हा साठ डॉलरच्या आत मिळालं. घरी रीफ टँक, म्हणजे खाऱ्या पाण्यातली कोरलं (प्रवाळ) वाढवायची काचटाकी असेल आणि त्यात अ‍ॅक्रोपोरासारखी नाजूक कोरलं ठेवायची इच्छा असेल, तर महागडा एलईडी दिवा, मोठा स्किमर (पाण्यातली घाण फेसाबरोबर काढणारं यंत्र), वेव्ह पंप या सगळ्यांच्या आधी हे घ्यावं असं माझं ठाम मत आहे. पाचपैकी साडेचार तारे. अर्धा कुठे कापला ते पुढे येईलच. काही कोरलांसाठी हे यंत्र अजिबात कामाचं नाही, तेही सांगणार आहे, कारण ‘अवघड’ या एकाच पाटीखाली दुकानांत दोन अगदी वेगळ्या गरजांचे प्राणी शेजारी शेजारी ठेवलेले असतात.

मी एडिसनला, न्यू जर्सीत राहते. टँक ७५ गॅलनचा, खाली संप (यंत्रं ठेवायची जोडटाकी), वाळू आणि दगड वजा करता खरं पाणी २५० लिटरच्या आसपास. त्यात अ‍ॅक्रोपोरा मिलेपोरा आणि अ‍ॅक्रोपोरा टेन्युइसच्या वसाहती आहेत, एक लाल गोनिओपोरा आहे, कडेला युफिलिया (हेही कोरलच) आणि वर क्लाउनफिशची जोडी. कोरलांपैकी जवळजवळ सगळी दुसऱ्या हौशी लोकांच्या टँकमधल्या मोठ्या वसाहतींचे तोडलेले तुकडे, म्हणजे फ्रॅग, लावून वाढवलेली. समुद्रातून थेट आलेलं अ‍ॅक्रोपोरा मी घेत नाही. टँकमध्ये वाढलेला तुकडा तगण्याची शक्यता जास्त असते, हे एक कारण. आणि मी मालवणची आहे, हे दुसरं.

आल्कलिनिटी म्हणजे काय, हे आधी. अ‍ॅक्रोपोराचा सांगाडा अ‍ॅरागोनाइटचा, म्हणजे कॅल्शियम कार्बोनेटचा. तो बांधायला कोरल पाण्यातून कॅल्शियम घेतं आणि कार्बोनेट घेतं. कॅल्शियम समुद्राच्या पाण्यात भरपूर, लिटरला साधारण ४२० मिलिग्रॅम. कार्बोनेट-बायकार्बोनेटचा साठा त्या मानाने फारच लहान. तो आपण आल्कलिनिटी म्हणून डीकेएच या जर्मन एककात मोजतो, आणि नैसर्गिक समुद्रात तो ७ च्या आसपास असतो. कोरलांनी आल्कलिनिटी १ डीकेएचने खाली आणली तर त्याच वेळी कॅल्शियम जेमतेम ७ मिलिग्रॅमने उतरतं. तांब्याभर पाणी काढलं तर कळशीत लगेच दिसतं, विहिरीत दिसत नाही, तसं हे आहे. घरगुती कॅल्शियम किटला १०-१५ मिलिग्रॅमचा फरकही धड कळत नाही. म्हणून कॅल्शियम रोज मोजून हाती काही लागत नाही. आल्कलिनिटी मात्र रोज बोलते.

प्लेन्सबरोला आमच्या ओळखीतलं एक कुटुंब आहे. त्यांच्या मुलाने हौसेने टँक केला, माझ्याकडून टेन्युइसचा तुकडा नेला. तुकड्याची टोकं पांढरी पडू लागली तसा त्याचा फोन आला. “मावशी, कॅल्शियम तर ४३० आहे! मॅग्नेशियम पण बरोबर आहे. तापमान ७८ फॅरनहाइट. मग काय झालं?” मी त्याला इतकंच सांगितलं, “आल्क मोज. रोज सकाळी, एकाच वेळी. आठवडाभर आकडे लिही आणि मग मला पाठव.” आकडे आले आणि कारण त्यातच होतं. टँक ७.२ वर चालत होता, शनिवारी पाणी बदललं की ८.५ च्या वर, मग आठवडाभर घसरत पुन्हा ७.२. नवं खारं पाणी करायला तो वापरत होता ते मीठ कालवल्यावर १२ डीकेएचच्या जवळ भरत होतं. अशी मिठं मिळतात, आणि झपाट्याने वाढणाऱ्या, भरगच्च टँकसाठी ती ठीकही असतात. पण चार फ्रॅग असलेल्या, पोषकद्रव्यं फार कमी असलेल्या नव्या टँकमध्ये दर शनिवारी हा धक्का बसत होता. ७.२ हा आकडाही वाईट नव्हता, ८.५ हाही नव्हता. एकातून दुसऱ्यात एका दुपारीत जाणं अ‍ॅक्रोपोराला सोसत नाही. त्याने मीठ बदललं. बाकी काहीही बदललं नाही. तुकडा आता बुडाशी पसरतो आहे.

‘अवघड’ कोरलांपैकी निम्मी तरी या अर्थानेच अवघड असतात. त्यांना लागणारे आकडे विचित्र नसतात. ७ ते ९ मधला कुठलाही डीकेएच चालतो, फक्त तो रोज तोच लागतो. आणि रोज तोच आहे की नाही हे डोळ्यांनी कळत नाही. अ‍ॅक्रोपोरा आधी काही दाखवत नाही. दाखवायला लागलं की बुडापासून कातडी सुटायला लागते, आणि ती झपाट्याने सुटणारी असली तर सकाळी रंगीत पाहिलेली फांदी संध्याकाळी पांढरा सापळा झालेली असते. रॅपिड टिश्यू नेक्रोसिस, थोडक्यात आरटीएन म्हणतात त्याला. त्यानंतर हातात फक्त कातर घेऊन वरची शाबूत टोकं वाचवायची, एवढंच उरतं.

आता यंत्राबद्दल. सोबत दोन काचेच्या कुप्या येतात, झाकणांसकट, एक लहान सिरिंज आणि रिएजंटची, म्हणजे पाण्याला रंग आणणाऱ्या रसायनाची बाटली. कुपीत टँकचं १० मिलिलिटर पाणी खुणेपर्यंत भरायचं, बाहेरून पुसायची, यंत्रात ठेवायची. बटण दाबलं की ‘सी १’ येतं, पुन्हा दाबलं की यंत्र त्या साध्या पाण्याला शून्य मानतं. मग ‘सी २’. कुपी बाहेर काढून त्यात सिरिंजने बरोबर १ मिलिलिटर रिएजंट, झाकण, हलक्या हाताने पाच वेळा उलटीपालटी. पाणी पिवळट हिरव्यापासून निळसर रंगापर्यंत काहीही होतं, आल्कलिनिटी किती त्यावर. परत यंत्रात, परत बटण, आणि पडद्यावर ७.९ किंवा ८.१ असा आकडा. आत एक एलईडी ६१० नॅनोमीटरचा नारिंगी प्रकाश सोडतो आणि समोरचा सेल किती प्रकाश आरपार आला ते मोजतो. सगळं मिळून दोन मिनिटं. एक एएए सेल लागतो, तो फार काळ टिकतो.

आधी मी थेंब टाकून रंग बदलायची वाट पाहायचं किट वापरत असे. ते किट चांगलंच असतं, कुणी वापरत असेल तर फेकून देऊ नका. पण त्यात निळ्याचा गुलाबी-नारिंगी नेमका कुठल्या थेंबाला झाला हे माणसाने ठरवायचं असतं. आमच्याकडे यांना लाल-हिरवा फरक नीट कळत नाही. मी भारतात गेले की टँक त्यांच्याकडे असतो आणि त्यांनी फोनवर विचारायचं, “हा झाला का गुलाबी?” कॅमेऱ्यातून मला कसं कळणार! शिवाय टँकचे निळे दिवे लागले असले की त्या उजेडात कुठलाच रंग खरा दिसत नाही. चेकर आल्यापासून ते मला फक्त आकडा पाठवतात. या एका कारणासाठीही मी हे यंत्र पुन्हा विकत घेईन.

काही गोष्टी मात्र पुस्तिकेत एका ओळीत उरकल्या आहेत आणि त्यांच्यावरच सगळं अवलंबून आहे, म्हणून त्या सविस्तर सांगते.

सिरिंजच्या टोकाशी हवेचा बुडबुडा राहतो. रिएजंट १ मिलिलिटर मोजताना पातळी काळ्या दट्ट्याच्या एकाच कडेवर, रोज त्याच कडेवर पाहायची. इथे दशांश मिलिलिटर कमी-जास्त झालं तर आकडा हलतो आणि आपल्याला वाटतं टँक हलला. कुपीच्या आतल्या बाजूला बारीक बुडबुडे चिकटले तर तेही प्रकाश अडवतात, म्हणून जोरात हलवायचं नाही, आणि चिकटलेच तर कुपी बोटाने हलकेच टिचकवून ते वर जाऊ द्यायचे. कुपीवर बोटांचे ठसे नकोत. चष्मा पुसायचं मऊ कापड मी त्या डबीतच ठेवते. दोन्ही मोजण्यांसाठी तीच कुपी, तशाच दिशेने तोंड करून. कुपीवर ओरखडे आले की ती निवृत्त करायची. वाळूचा कण किंवा शेवाळाचा तुकडा पाण्यात आला तर ते पाणी ओतून पुन्हा घ्यायचं. झाल्यावर आरओ-डीआयच्या, म्हणजे क्षार काढून शुद्ध केलेल्या पाण्याने दोनदा विसळून उपडं ठेवायचं. कुपीत वाळलेलं रिएजंट पुढच्या चाचणीत येतं.

आणि वेळ. कोरलं उजेडात जास्त सांगाडा बांधतात, त्यामुळे दिवे लागल्यावर आल्कलिनिटी उतरते आणि रात्री डोसिंग (कोरलांनी वापरलेलं मोजून परत पाण्यात घालणं) चालू असेल तर पुन्हा चढते. सकाळी आठची आणि संध्याकाळी आठची आकडेवारी एकमेकांशी ताडून पाहण्यात अर्थ नाही. मी दिवे लागायच्या आधी, चहा उकळेपर्यंत मोजते.

आता कापलेला अर्धा तारा. कंपनीने सांगितलेली अचूकता आहे अधिक-उणे ०.३ डीकेएच आणि वर वाचनाच्या ५ टक्के. म्हणजे पडद्यावर ८ दिसलं तर खरं मूल्य ७.३ ते ८.७ च्या मध्ये कुठेही असू शकतं. पडद्यावर दशांश आहे म्हणून तो दशांश खरा समजू नये. पण अ‍ॅक्रोपोराला खरं मूल्य ७.८ आहे की ८.२, याने फारसा फरक पडत नाही, कालच्यापेक्षा आज किती सरकलं याने पडतो. तीच कुपी, तीच बाटली, तोच हात असला तर रोजची चूकही बहुतेक तीच राहते आणि सरकणं नीट दिसतं. गोंधळ होतो तो बाटली बदलताना. म्हणून जुन्या बाटलीत शेवटची एक चाचणी उरली की त्याच पाण्याची नव्या बाटलीनेही चाचणी घ्यायची आणि फरक वहीत लिहायचा. नव्या बाटलीने ०.३ जास्त दाखवलं म्हणून डोस कमी करायला धावायचं नाही. हा नियम कुठल्याही कंपनीच्या किटला लागू आहे. यंत्राची काच-दिवा बाजू तपासायला प्रमाणित कुप्यांचा संच वेगळा विकत मिळतो. तो यंत्र तपासतो, रिएजंट नाही, हे लक्षात ठेवावं.

बाटलीत २५ चाचण्या होतात. रोज मोजणाऱ्याला महिन्याला एकाहून जास्त बाटली लागते, आणि वर्षाचा हिशेब केला तर रिएजंट यंत्रापेक्षा महाग पडतं. ज्यांना हे नको, त्यांच्यासाठी स्वतःच पाणी ओढून दिवसातून अनेकदा आल्कलिनिटी मोजणारी यंत्रं आहेत, पण त्यांची किंमत कित्येक शे डॉलर आणि त्यांनाही रिएजंट लागतंच. एका टँकच्या घराला चेकर पुरतो. पहिले दोन-तीन महिने रोज, मग टँक स्थिरावला की आठवड्यातून दोनदा.

या आकड्याचं करायचं काय, हा खरा भाग. मला चेकर आवडण्याचं मूळ कारणही तिथेच आहे.

डोसिंग एक दिवस थांबवून दोन सकाळी मोजलं की टँक दिवसाला किती खातो ते कळतं. समजा ०.८ डीकेएच. २५० लिटर पाण्यात ते भरून काढायला सुमारे ६ ग्रॅम खाण्याचा सोडा लागतो, किंवा धुण्याचा सोडा, म्हणजे सोडियम कार्बोनेट, घेतला तर पावणेचार ग्रॅमच्या आसपास. सोबत तितक्याच प्रमाणात कॅल्शियम. मी दोन्ही एकदम देणारी चुन्याची निवळी वापरते: आरओ-डीआयच्या पाण्यात शुद्ध कॅल्शियम हायड्रॉक्साइड कालवून, तळाशी गाळ बसू देऊन, वरचं नितळ पाणी. इथे लोणच्यासाठी विकतात तो चुना मी वापरते. पूर्ण संपृक्त निवळी पावणेदोन-दोन लिटर गेली की माझा दिवसाचा खर्च भरून निघतो आणि टँकमधून बाष्प होऊन जाणारं पाणीही त्यातच भरलं जातं. तिचा पीएच १२ च्या वर असतो, त्यामुळे ती थेंबाथेंबानेच गेली पाहिजे, आणि शक्यतो रात्री, जेव्हा टँकचा पीएच आपसूकच खाली आलेला असतो. हातमोजे आणि चष्मा घालूनच ती कालवायची.

आता न्यू जर्सीचा हिवाळा. नोव्हेंबरात फर्नेस, म्हणजे घर गरम करणारी भट्टी सुरू झाली की घरातली हवा कोरडी पडते, बाष्पीभवन वाढतं. बाष्पाची तूट भरणाऱ्या, टॉप-ऑफच्या पाण्यातच निवळी मिसळलेली असेल तर बाष्प जास्त म्हणजे निवळीही जास्त. कोरलांची भूक तर तेवढीच. कुणी काही हात लावलेला नसतो, सगळी यंत्रं ठीक चालत असतात, आणि आल्कलिनिटी रोज एक-दोन दशांशाने वर सरकत जाते. सकाळच्या आकड्यांत ही चढण मला स्पष्ट दिसली: ७.८, ७.९, ८.१, ८.२. कोरलांवर काहीही दिसत नव्हतं, टोकं निळीजांभळीच होती. तेव्हापासून थंडीत मी निवळी वेगळ्या डोसिंग पंपावर ठेवते, ठरलेल्या मापाने, आणि बाष्पाचं पाणी साधं भरते. बंद खिडक्यांमुळे घरात कार्बन डायऑक्साइड साठून टँकचा पीएच ७.८ च्या खाली जायला बघतो, तिथेही निवळीचा उपयोग होतो, कारण ती तो वायू शोषते. दक्षिणेकडे राहणाऱ्यांचं ऋतुचक्र वेगळं असेल. तुमच्या घराचं तुम्हाला चेकरच सांगेल.

टँक दिवसाला किती आल्कलिनिटी खातो तो आकडा स्वतःच एक लक्षण असतो, हे मला हळूहळू उमगलं. रोज ०.८ खाणारा टँक डोस तोच असताना अचानक वर चढायला लागला, म्हणजे कुठल्या तरी कोरलाने सांगाडा बांधणं थांबवलं आहे. ते कोरल अजून रंगीत असतं, पॉलिप, म्हणजे त्याचे फुलासारखे इवले जीव, बाहेर असतात. पण आतून काही बिनसलेलं असतं. एकदा असं झालं तेव्हा मी एकेक वसाहत टॉर्चने बघत गेले आणि मिलेपोराच्या बुडाशी, मागच्या बाजूला, दगडाच्या सावलीत चपटे किडे सापडले. अ‍ॅक्रोपोरा खाणारे फ्लॅटवर्म. वरून काहीच दिसत नव्हतं. आकडा दिसला म्हणून मागे बघितलं.

गोनिओपोराबद्दल वेगळं लिहायला हवं, कारण दुकानात सगळ्यांना तोच आवडतो. फुलदाणीत लांब देठांची फुलं ठेवावी तसे पॉलिप, प्रत्येकाला २४ शुंडिका. (१२ असतील तर ते अल्व्हिओपोरा, जरा सोपं.) अनेक वर्षं या कोरलाची ख्याती अशी होती की काही महिने ते बहरतं आणि वर्ष व्हायच्या आत हळूहळू आक्रसत जातं. खाडीच्या मऊ तळातून आणलेले हिरवे गोळे अजूनही बहुतेकदा तसेच जातात. टँकमध्ये फ्रॅग करून वाढवलेले लाल-गुलाबी प्रकार मात्र बरेच तगतात, म्हणून घ्यायचा तर तोच घ्यावा. माझा लाल आहे. त्याला मध्यम उजेड, मध्यम प्रवाह आणि बारीक कणांचं खाणं लागतं, लोह आणि मँगनीज थोडं थोडं द्यावं असं अनुभवी लोक सांगतात आणि मीही देते. चेकरचा इथे अर्धाच उपयोग. आल्कलिनिटी स्थिर असणं गोनिओपोराला हवंच, पण तेवढ्याने त्याचं पोट भरत नाही.

आणि मग ती कोरलं, ज्यांच्यासाठी हे यंत्र घेऊन काहीच होणार नाही. कार्नेशन कोरल, म्हणजे डेन्ड्रोनेफ्थिया. काचेसारखी पारदर्शक खोडं, त्यांवर गुलाबी, नारिंगी, जांभळे गुच्छ. इथल्या एका मोठ्या दुकानात याच्यावर ‘कमी उजेड, सोपं’ अशी चिठ्ठी लावलेली मी पाहिली आणि फार वाईट वाटलं. कमी उजेड खरं, कारण याच्या अंगात शैवाल राहत नाही. अ‍ॅक्रोपोराला त्याच्या पेशींतलं शैवाल दिवसभर साखर करून देतं, याला कुणी देत नाही. म्हणून त्याने सतत, दिवसरात्र, वाहत्या पाण्यातून खात राहावं लागतं. लाल समुद्रातल्या डेन्ड्रोनेफ्थिया हेम्प्रिचीवर १९९५ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनात दिसलं की ते मुख्यतः पाण्यात तरंगणाऱ्या सूक्ष्म वनस्पतींवर, म्हणजे वनस्पतीप्लवकांवर जगतं. घरच्या टँकमध्ये एवढं प्लवक सतत सोडायचं तर पाणी काही दिवसांत नासतं, आणि सोडलं नाही तर कोरल उपाशी मरतं. ते मरतानाही सुंदर दिसतं, आठवड्यागणिक थोडं लहान होत जातं इतकंच. नवीन माणसाला वाटतं ते मिटून बसलं आहे. आल्कलिनिटी ८.० वर काटेकोर ठेवली तरी त्याला काडीचा फायदा नाही. हे घेऊ नका. दुकानात दिसलं तर दुकानदाराला विचारा की तो त्याला काय खायला घालतो.

ट्युबास्ट्रिया, म्हणजे सन कोरल, गरजेने त्याच्यासारखंच पण माणसाच्या आवाक्यातलं. त्याच्याही अंगात शैवाल नाही, पण त्याचे पॉलिप मोठे, तोंड मोठं, आणि मायसिस कोळंबी ते आनंदाने खातं. प्रत्येक पॉलिपला पिपेटने भरवायचं, आठवड्यातून तीन-चारदा, तेही ते उघडल्यावर. वेळ देणारा माणूस असेल तर ते वर्षानुवर्षं जगतं. वेळ नसेल तर घेऊ नये.

माझे बाबा मालवणला असतात, पूर्वी मासेमारीला, रापणीला जायचे. व्हिडिओ कॉलवर टँक दाखवला की त्यांचा प्रश्न ठरलेला: “गो बाय, ह्या दर्यातला जितराब तुझ्या काचेत जगतला कसा?” मी म्हणते, “रोज आकडो बघतंय, बाबा.” त्यांना ते पटतं असं नाही, पण पुढच्या कॉलला ते आकडा विचारतात.

त्यांच्यामुळेच आणखी एक गोष्ट इथे लिहायला हवी, कारण हा मजकूर महाराष्ट्रातही वाचला जाईल. भारतात कोरलांचा टँक करण्यासाठी हे यंत्र घेऊ नका. दगडी प्रवाळ, काळं प्रवाळ, ऑर्गन पाइप, फायर कोरल आणि समुद्रपंखे हे २००१ मध्ये वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ च्या पहिल्या अनुसूचीत आले, म्हणजे वाघाच्या बरोबरीने. ते काढणं, बाळगणं, विकणं गुन्हा आहे. कुणी ‘इंपोर्टेड आहे’ म्हणून विकायला आलं तरी नको म्हणा. खाऱ्या पाण्यातले मासे पाळून, कृत्रिम दगडांवर टँक सजवता येतो. आणि खरी कोरलं बघायची तर आपल्याकडेच आहेत. मालवणचं सागरी अभयारण्य १९८७ साली जाहीर झालं, सिंधुदुर्ग किल्ल्याभोवतीच्या उथळ पाण्यात दगडी प्रवाळं वाढतात. तिथे अ‍ॅक्रोपोराच्या फांद्यांचं जंगल शोधायला जाल तर निराश व्हाल. पावसाळ्यात गाळाने लाल होणारं पाणी सोसणारे, गोल, दगडाला चिकटून पसरणारे, हळू वाढणारे प्रकारच तिथे मुख्यतः टिकले आहेत. विजयदुर्गच्या पश्चिमेला शंभरेक किलोमीटरवर आंग्रिया बँक आहे, कान्होजी आंग्र्यांचं नाव असलेलं बुडालेलं पठार. तिथलं पाणी स्वच्छ आहे आणि प्रवाळं दाट. मालवणला स्नॉर्केलिंगला जाल तेव्हा दम लागला म्हणून कोरलवर पाय ठेवून उभं राहू नका, होडीवाल्याला हाक मारा. तो हात देतो.

विकत घेताना मॉडेल नीट पाहा. एचआय ७५५ हे जुनं रूप पीपीएममध्ये आकडा दाखवतं, त्याला १७.९ ने भागून डीकेएच काढावे लागतात. एचआय ७७२ थेट डीकेएच दाखवतं, तेच घ्या. गोड्या पाण्यासाठी वेगळा चेकर आहे, डबा सारखाच दिसतो, तो खाऱ्या पाण्यात चालत नाही. रिएजंट वेगळं मागवताना एचआय ७७२-२६ असा क्रमांक सांगा आणि बाटलीवरची मुदत दुकानातच वाचा. दोन बाटल्या एकदम घ्या, म्हणजे बदलताना ताडून पाहायला दुसरी हाताशी असेल.